दवाखान्यातून पडद्यावर: डॉ. मोहन आगाशे, प्रा. जगन्नाथ वाणी आणि खानदेश

महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार: नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी. मुक्ताईनगरच्या माणसाने नकाशा पुढ्यात घेऊन या चारांतले जवळचे कोणते ते शोधून पाहावे. नागपूर म्हटले तर अख्खा विदर्भ ओलांडायचा, ठाणे म्हटले तर भुसावळला गाडी धरून कसारा घाट उतरायचा, येरवडा त्याहून आडवळणाचे आणि रत्नागिरीचे तर नावच काढायला नको. तापी-पूर्णेच्या काठावर राहणाऱ्यांना ही चारही ठिकाणे सारखीच परमुलखातली. जवळचे ठिकाण एकच होते आणि ते सरकारच्या यादीत नव्हते. मलकापूर-बुलढाण्यावरून पुढे पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते आणि घरातले 'बिघडलेले' माणूस बरोबर घेऊन आलेली कुटुंबे मुक्काम टाकतात. त्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, खानदेशातले असतात, वऱ्हाडातले असतात.

सैलानीला हसणे सोपे आहे आणि शिकलेली माणसे हसतातही. तिथे जाणाऱ्या घराला काय मिळत होते, याचा विचार मात्र फार थोड्यांनी केला. औषध मिळत नव्हते हे खरे. साखळीने बांधलेली माणसे तिथे पाहिल्याचे सांगणारेही आमच्याकडे पुष्कळ आहेत. पण गावात ज्या दुखण्याचे नाव घेता येत नव्हते, ते दुखणे घेऊन उघड्यावर बसता येईल अशी आमच्या भागातल्या लोकांना ठाऊक असलेली ती एकच जागा होती. शेजारच्या पालात तसेच दुसरे घर उतरलेले असे आणि कोणी कोणाला काही विचारत नसे. पुढे पुण्या-मुंबईत 'स्वमदत गट' म्हणून जे सुरू झाले, त्यातला अर्धा भाग सैलानीला होता. उरलेला अर्धा, म्हणजे बोलणे आणि उपचार, नव्हता.

हा उरलेला अर्धा भाग मराठी समाजात कसा आला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी मी दोन माणसांच्या कार्याचा मागोवा घेतला आहे. एक मानसोपचारतज्ज्ञ, ज्यांना महाराष्ट्र नट म्हणून अधिक ओळखतो. दुसरे संख्याशास्त्रज्ञ, ज्यांना महाराष्ट्र फारसा ओळखतच नाही, आणि ते आमच्या खानदेशचे.

मराठी मुलखातला या आजाराचा सरकारी इतिहास म्हणजे मुख्यतः इमारतींचा इतिहास. कुलाब्याचे वेड्यांचे इस्पितळ १८२६ चे, नागपूरचे १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याच्या नौपाड्यातले १९०१ चे, येरवडा त्यानंतरचे. जोडीला १८५८ चा आणि १९१२ चा असे दोन कायदे. १९१२ च्या कायद्याखाली माणूस आत जाई तो बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने. रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला धरून आणण्याचा अधिकार पोलिसांना होता. हा कायदा नावानिशी बदलला तो १९८७ साली, आणि नवा कायदा अमलात आला १९९३ मध्ये. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही शेहेचाळीस वर्षे मानसिक आजार हा दवाखान्याइतकाच, किंबहुना जास्तच, कचेरीचा मामला राहिला.

पूर्व खानदेशात, त्या वेळच्या एदलाबाद भागात (मुक्ताईनगर हे नाव पुष्कळ नंतरचे), याचा घरगुती अर्थ असा झाला की कोर्टकचेरी नको असेल तर झाकून ठेवायचे. आमच्या आजीचा धाकटा दीर मळ्यातल्या खोलीत राहिला तो मरेपर्यंत. सालदाराबरोबर त्याची भाकरी जायची. घरात लग्न निघाले की त्याला पंधरा दिवस लांबच्या नातेवाइकांकडे धाडत; सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांच्या दृष्टीस तो पडू नये म्हणून. 'त्याले बाहेरचं हाये' एवढेच आम्हा पोरांना ठाऊक. तो केळीच्या खोडांशी बोलायचा, रेडिओतून आपल्यालाच निरोप येतात म्हणायचा आणि एरवी कोणाच्या वाटेला जायचा नाही. त्याला नेमके काय झाले होते हे मला चाळिशी ओलांडल्यावर, एक मराठी चित्रपट पाहताना कळले. त्या चित्रपटाकडे पुढे येतो. इथे एवढेच नोंदवतो, की पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमझीन या औषधाचा मनोविकारांवर उपयोग सुरू झाला आणि आमचा हा आजोबा मळ्यातल्या खोलीत गेला तेव्हा त्या गोष्टीला दहा-बारा वर्षे होऊन गेली होती. सर्पगंधेच्या मुळीबद्दल तर कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहिले होते. औषध होते. ते मळ्यापर्यंत येण्याची वाट नव्हती, आणि ती वाट फक्त डांबरी सडकेने तयार होणारी नव्हती.

डॉ. मोहन आगाशे यांचा जन्म २३ जुलै १९४७ चा, भोरचा. वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात. तिथेच मानसोपचार हा विषय घेऊन ते पुढे अध्यापक झाले आणि ससून रुग्णालयात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्यांच्या आयुष्याचा हा धागा मराठी वाचकांना सहसा दिसत नाही, कारण दुसरा धागा फार झगझगीत आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला आणि आगाशे यांचा नाना फडणवीस महाराष्ट्राच्या डोळ्यांत बसला. नाटकावर वादळ उठले, संस्थेने प्रयोग थांबवले, आणि १९७३ मध्ये 'थिएटर ॲकॅडमी' स्थापन होऊन ते पुन्हा उभे राहिले, १९८० साली युरोपात जाऊन आले. दिग्दर्शक जब्बार पटेल हेही डॉक्टर, मुलांचे. आमच्याकडे तालुक्याच्या गावी नाटक कुठून येणार? आम्ही आगाशे यांना पाहिले ते 'जैत रे जैत'मधला नाग्या म्हणून. हा माणूस वेड्यांचा डॉक्टर आहे असे कोणी सांगितले तेव्हा गल्लीत त्याचा विनोदच झाला होता.

हे दोन धागे त्यांच्यात वेगवेगळे राहिले, की एकमेकांत गुंतले? त्यांच्या कार्याकडे पाहताना मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मानसोपचाराच्या केसपेपरात रोग्याची हकिकत तृतीयपुरुषी असते. 'रुग्णास आवाज ऐकू येतात, रुग्ण संशय घेतो.' लिहिणारा डॉक्टर, वाचणारा डॉक्टर. ज्याची हकिकत आहे तो आणि ज्यांच्या घरात ती घडली ते, दोघेही त्या कागदाबाहेर. नाटकात असे चालत नाही. तिथे ज्याचे दुःख त्यानेच उभे राहून बोलावे लागते आणि समोर चारशे माणसे गप्प बसून ऐकतात. दोन्ही ठिकाणी ज्याचे आयुष्य गेले, त्याला हा फरक लक्षात येणे अपरिहार्य होते. १९८६ मध्ये बर्लिनच्या 'ग्रिप्स' रंगभूमीची पद्धत त्यांनी पुण्यात आणली, ती याच दिशेची म्हणता येईल. मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात आणि मुलांच्या मनातले, घरात कोणी ऐकून न घेतलेले बोलतात. परीकथा नाही, राजा-राणी नाही. आईबापांची भांडणे, एकटेपणा, भीती.

या वर्षांकडे जरा एकत्र पाहायला हवे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कागदावर तो फार चांगला होता: मानसिक उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यायचे. पण मराठी समाजात काही हलले ते कागदाबाहेर. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. त्याच रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, अनिल अवचटांच्या गर्दवरील लेखमालेमुळे आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्याची संस्था काढली. १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि आगाशे तिचे संस्थापक संचालक झाले. पाच वर्षांत तीन ठिकाणी तीन प्रयत्न. आणि तिन्हींत लेखक किंवा रंगकर्मी होते. मला हा योगायोग वाटत नाही. या आजाराला मराठीत बोलण्याची जागाच नव्हती, आणि ती तयार करायला भाषेत काम करणारी माणसे लागली.

आगाशे यांच्या संस्थेला दोन वर्षे होत होती तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेची वेळ, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. दगडामातीची धाब्याची घरे माणसांवर बसली, सुमारे आठ हजार लोक गेले. आमची खानदेशातली घरेही त्याच घडणीची. त्या आठवड्यात आमच्या आळीतले निम्मे लोक अंगणात झोपत होते. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासात आणि सेवेत आगाशे यांनी मोठा वाटा उचलला. आज आपत्तीनंतर समुपदेशकांची तुकडी जाते याचे कोणाला नवल वाटत नाही. तेव्हा प्रश्न पत्रे, धान्य आणि घरकुलांचा होता. ज्या बाईची तिन्ही मुले गेली तिला झोप येत नाही, हा शासनाच्या कुठल्याही रकान्यात बसणारा तपशील नव्हता. किल्लारीनंतर तो बसू लागला. मानसिक दुखणे 'वेड्यांपुरते' नाही, चांगल्या-धडधाकट शेतकऱ्याला ते एका पहाटेत होऊ शकते, ही गोष्ट मराठी वर्तमानपत्रांनी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर छापली ती या निमित्ताने, असे माझे मत आहे.

आता दुसऱ्या माणसाकडे वळतो.

जगन्नाथ वाणी यांचा जन्म १९३४ चा, आजच्या धुळे जिल्ह्यातला, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेशातला. संख्याशास्त्र शिकून ते कॅनडात गेले आणि कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक झाले. संभाव्यता आणि संख्याशास्त्रीय अनुमान यांवरचे त्यांचे इंग्रजी पाठ्यपुस्तक १९७१ साली निघाले. इथपर्यंत ही परदेशी गेलेल्या हुशार मराठी मुलाची नेहमीची गोष्ट आहे. पण त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला आणि पुढचे सगळे आयुष्य त्या आजाराबरोबर गेले. त्यांनी तो लपवला नाही. त्याबद्दल ते जाहीरपणे बोलत राहिले, कॅलगरीतही आणि इकडे आल्यावरही.

याचे मोल कळायला आमच्याकडची रीत माहीत हवी. नवऱ्याला हा आजार झाला तर बायको आयुष्यभर निस्तरते. बायकोला झाला तर तिला माहेरी आणून सोडतात. कायद्यानेही त्याला हात दिला आहे: हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात घटस्फोटाच्या कारणांमध्ये 'मानसिक विकार' या शब्दाचा अर्थ सांगताना स्किझोफ्रेनियाचे नाव घालण्यात आले. आमच्याकडचे वकील हे कलम चांगले जाणतात. अशा मुलखातून गेलेला एक माणूस आजारी पत्नीला सांभाळतो आणि भरसभेत तसे सांगतो, हे नुसते चांगुलपण नव्हते. रिवाज मोडणे होते.

१९९७ मध्ये वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू झाली. नावातच जागृती आहे, उपचार नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कुटुंबीयांनी एकत्र जमायचे, एकमेकांना सांगायचे, ऐकायचे, असे तिचे काम; पुढे धायरीला पुनर्वसनाचे केंद्रही झाले. धुळ्यात का. स. वाणी यांच्या नावाने त्यांनी न्यास उभारला. त्या नावाची मराठी अभ्यासाची संस्थाही धुळ्यात आहे. कॅनडा सरकारने त्यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा सन्मान दिला. धुळे-जळगावात मी चार शिकलेल्या माणसांना त्यांचे नाव विचारले, तेव्हा दोघांना ते मराठीच्या संस्थेमुळे माहीत होते, आजारामुळे एकालाही नाही.

आणि मग चित्रपट. या असोसिएशनच्या आणि धुळ्याच्या न्यासाच्या पाठबळावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई' केला. साल २००४. कोकणातल्या गावचा शेष, गावच्या देवराईने झपाटलेला. त्याच्या मनात हळूहळू सगळे एकमेकांत मिसळत जाते: झाडे, बालपण, न मिळालेले प्रेम, कानांत येणारे आवाज. बहीण त्याला आपल्या संसारात आणते आणि त्या संसाराची ओढाताण सुरू होते. अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. मी हा चित्रपट जळगावी एका सभागृहात पाहिला. तीस-पस्तीस माणसे होती. शेष झाडांकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर मी आधी एकाच ठिकाणी पाहिली होती, मळ्यातल्या खोलीच्या दारात. मध्यंतरात मी बाहेर गेलोच नाही. चित्रपट संपल्यावर चर्चा होती. एक वयस्क बाई उठल्या आणि म्हणाल्या, 'माह्या पोराचं असंच हाये, मी आजवर कोनाले सांगतलं नाही.' एवढेच बोलून त्या खाली बसल्या. पुढच्या वक्त्याला काही क्षण बोलायला सुचले नाही.

आजाराच्या नावाबद्दल थोडे सांगायला हवे. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द १९०८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर यांनी दिला. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्याला 'छिन्नमनस्कता' म्हटले, वर्तमानपत्रांनी 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व' म्हटले. दुसरे तर सरळ चुकीचे आहे; एका देहात दोन माणसे असा हा आजारच नाही. पहिले बरोबर असले तरी आमच्या घरात ते कोण उच्चारणार? खेड्यातल्या बाईच्या तोंडी 'असंच हाये' एवढेच येते, आणि पडद्यावर काहीतरी दाखवल्यावरच तिला 'असंच' म्हणता येते. खानदेशी बोलीला मनाची भाषा नाही असे मात्र कोणी समजू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी शाळेचे तोंड न पाहता मनाच्या भटकण्यावर जी कविता केली, ती सोपानदेवांनी टिपून ठेवली, १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकात आली आणि अख्ख्या महाराष्ट्राने पाठ केली. मनाला शब्द होते. मनाच्या आजाराला नव्हते.

'देवराई' येण्याच्या तीन वर्षे आधी, ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या परिसरातल्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही. त्या बातमीने आमच्याकडे सैलानीला माणूस नेऊन ठेवलेल्या घरांमध्ये काय झाले असेल, याची कल्पना करवत नाही. देशभर तपासण्या सुरू झाल्या, न्यायालयाने लक्ष घातले. पण साखळी काढा म्हटल्यावर घरच्यांनी पुढे काय करायचे, हे सांगणारे कोणी तालुक्यात नव्हते.

इथे आगाशे पुन्हा येतात, आणि माझ्या मते त्यांच्या कार्याचा सगळ्यात मोलाचा भाग इथून सुरू होतो. १९९७ ते २००२ ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक होते. पन्नाशी उलटून गेलेली, पद्मश्री मिळालेली, संगीत नाटक अकादमीचा सन्मान झालेला. निवृत्तीत शांत बसता आले असते. त्याऐवजी भावे-सुकथनकरांच्या 'अस्तु'मध्ये (२०१३) त्यांनी चक्रपाणी शास्त्री हा स्मृतिभ्रंश झालेला संस्कृतचा पंडित उभा केला. मुलगी त्यांना गाडीत बसवून क्षणभर दुकानात जाते आणि शास्त्री रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीच्या मागे चालू लागतात. त्यांना सांभाळते ती हत्तीवाल्याची कानडी बोलणारी बायको; ती त्यांना आजारी समजत नाही, लेकरू समजते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आयुष्यभर टेबलाच्या डॉक्टरच्या बाजूला बसलेला माणूस इथे पलीकडे जाऊन बसला होता. आणि चित्रपटाचे लक्ष शास्त्रींपेक्षा त्यांच्या मुलीवर, इरावर, अधिक आहे: तिची चीड, तिचा अपराधी भाव, बापाला कुठे ठेवायचे हा तिचा प्रश्न. सांभाळणाऱ्याच्या बाजूने केसपेपर लिहिला तर तो कसा दिसेल, ते या चित्रपटात दिसते.

चित्रपटगृहांनी 'अस्तु'ला फार जागा दिली नाही. आगाशे तो स्वतः घेऊन हिंडले. गावोगावी, परदेशातल्या मराठी मंडळांत. चित्रपट दाखवायचा आणि नंतर प्रेक्षकांशी बोलायचे. नाटकाच्या दौऱ्यांची सवय इथे कामी आली असावी. त्यानंतर 'कासव'चे ते सहनिर्माते झाले आणि त्यात त्यांनी कासवांच्या संवर्धनासाठी धडपडणारे दत्ताभाऊही साकारले. आत्महत्येच्या कडेला जाऊन आलेला एक तरुण आणि स्वतः नैराश्यातून गेलेली एक बाई, कोकणच्या किनाऱ्यावर. ती त्याला काही विचारत नाही. जेवू घालते आणि वाट पाहते. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'कासव'ला सुवर्णकमळ मिळाले.

मुक्ताईनगरच्या माणसाला हे कथानक अनोळखी नाही. मेहूण-कोथळीचा हा परिसर मुक्ताबाईंचा. शके १२१९ च्या वैशाख वद्य दशमीला त्या इथे तापीकाठी अंतर्धान पावल्या अशी श्रद्धा आहे, आणि पालखी इथूनच दर वर्षी पंढरपूरची लांबलचक वाट चालते. लोकांनी दुखावलेला थोरला भाऊ झोपडीची ताटी लावून आत बसला आणि धाकटी बहीण बाहेरून त्याला समजावत राहिली, ही ताटीच्या अभंगांमागची कथा इथल्या प्रत्येक कीर्तनात येते. ज्ञानदेवांना आजार झाला होता असे म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. मला त्यातले एवढेच दिसते, की दार आतून बंद आहे आणि बाहेरची व्यक्ती निघून जात नाही. 'देवराई'त ती बहीण आहे, 'अस्तु'त मुलगी, 'कासव'मध्ये एक परकी स्त्री. तिन्ही ठिकाणी बाहेर उभी राहणारी बाईच. हे समाजाचे खरे चित्र आहे, पण त्यावर चित्रपटांनी पुरेसा प्रश्न उभा केला असे मला वाटत नाही. आमच्या घरातही मळ्यावर भाकरी पाठवण्याची आठवण ठेवणारी आजी होती. सख्खे भाऊ नव्हते. या रांगेत वाणी एकटेच पुरुष दिसतात, आणि ते पडद्यावरचे नाहीत.

आणखी एक तक्रार. हे तिन्ही चित्रपट कोकण आणि पुण्याच्या घरांतले आहेत. त्यांतली माणसे पुस्तके वाचतात, डॉक्टरची फी देऊ शकतात. केळीच्या बागेत रोजंदारीवर जाणारी, कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेली, सावकाराला टाळणारी माणसे त्यांत नाहीत. आमच्या बोलीत 'येडा' अजूनही हमखास हशा मिळवणारे पात्र आहे, मोबाइलवरच्या अहिराणी विनोदी फितींत तर रोजचे. आगाशे यांनी जी वाट काढली तिच्यावर खानदेशातून कोणी चित्रपट किंवा नाटक घेऊन अजून निघालेले मला दिसलेले नाही. पैसा पुरवणारा धुळ्याचा, गोष्ट मात्र कोकणची, ही विसंगती मला टोचते.

बदल झालेच नाहीत असे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. साखळीने बांधण्यास त्याने मनाई केली, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानले, उपचार मिळणे हा हक्क ठरवला. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, धुळ्याला ते आधीपासूनच होते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर फोन करून मराठीतही बोलता येते. मुक्ताईनगरच्या एस.टी. स्टँडवर हा क्रमांक मी अजून कुठे लिहिलेला पाहिलेला नाही. वशीकरण आणि सौतनमुक्तीवाल्यांचे क्रमांक मात्र मुतारीच्या भिंतीवरही आहेत.

जगन्नाथ वाणी २०१७ मध्ये वारले. सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या. आगाशे यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे.

वाणींचा विषय मोजण्याचा होता, म्हणून शेवटी मोजणीबद्दल. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या 'निमहान्स' संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांमध्ये १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के आजारी लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हता, असे त्यात दिसले. हे आकडे सगळीकडे उद्धृत होतात, महाराष्ट्रातल्या सरकारी भाषणांतही. सर्वेक्षण झाले ते बारा राज्यांत. मुक्ताईनगरहून तासाभरावर बऱ्हाणपूर. ते मध्य प्रदेशात, आणि मध्य प्रदेश त्या बारांत होता. धुळ्या-नंदुरबारला लागून असलेला गुजरातही होता. महाराष्ट्र नव्हता.